इयर डाऊन टळलं, त्याची हकीकत

ऑगस्ट २०२५ मध्ये माझा तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का झाला. छत्रपती संभाजीनगरमधलं एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज, शाखा इलेक्ट्रिकल. त्याआधीचं अख्खं वर्ष 'वायडी लागतंय का' (वायडी म्हणजे इयर डाऊन, विषय राहिल्याने वर्ष वाया जाणं) या एकाच धास्तीत गेलं. हॉस्टेलवर याच धास्तीत असलेल्या अजून मुली होत्या आणि प्रत्येकीच्या कानावर वेगळंच काहीतरी आलेलं होतं. कुणाला सिनियरनी सांगितलेलं, कुणाला खिडकीवरच्या क्लार्कनी, तर कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं. म्हणून जे जसं घडलं ते तारखा-पैशांसकट लिहून ठेवतेय.

मी सेलू तालुक्यातली, जिल्हा परभणी. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी सायन्स परभणीला. २०२३ च्या सीईटीनंतर कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतून, इथे नंबर लागला. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन विषय राहिले: गणित-१ आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. एटीकेटीवर, म्हणजे ते राहिलेले विषय मागे ठेवून, दुसऱ्या वर्षात गेले. वर्गात बऱ्याच जणांचं काही ना काही राहिलेलं होतं, त्यामुळे त्याचं कुणाला फार वाटतही नव्हतं. सिनियर म्हणायचे, निघतील की पुढच्या वेळी.

मग सप्टेंबर उजाडला. २ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता. त्याच्या आदल्या दिवसापासून परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी सुरू झाली. पोळ्यासाठी म्हणून मी घरीच आले होते. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, कापूस पिवळा पडला. त्याच पावसात आमच्या गोठ्याची भिंत खचली. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैल सोडवायला आत गेले आणि भिंतीचा कोपरा त्यांच्या पायावर आला. मांडीचं हाड मोडलं. परभणीला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, नंतर ड्रेसिंग, पुन्हा एक्स-रे. माय शेत आणि जनावरं बघत होती, धाकटा भाऊ दहावीला. दवाखान्यात थांबायला मीच होते.

कॉलेजला परत गेले तेव्हा ऑक्टोबर निम्मा सरला होता. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, विभागाच्या बोर्डावर तात्पुरती डिटेन्शन यादी लागली. माझ्या नावापुढे हजेरी ५८ टक्के. खाली टीप होती: ७५ टक्के हजेरी आवश्यक, सबळ कारण आणि कागदपत्रं असतील तर विभागप्रमुखांच्या शिफारशीने प्राचार्य ६५ पर्यंत सवलत देऊ शकतील, त्याखाली सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येणार नाही. मी ती टीप फोनवर फोटो काढून घेतली. पुढे प्रत्येक टेबलावर तोच फोटो दाखवावा लागला, कारण टेबलं बदलली की टक्केवारीही बदलत होती. एक जण ७० म्हणाले, एक जण म्हणाले सवलत फक्त स्वतःच्या आजारपणाला असते.

आमच्याकडे वीसेक मुलांमागे एक शिक्षक नेमलेले असतात, टीचर गार्डियन. आम्ही टीजी म्हणतो. माझ्या टीजी मॅडमकडे मी तोपर्यंत फक्त सही घ्यायला जायचे. त्या दिवशी यादी लागल्यावर गेले तर त्यांनी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला. आतापर्यंत झालेले तास, मी बसलेले तास, सेमिस्टर संपेपर्यंत उरलेले तास, असं सगळं कागदावर मांडलं. उरलेला एकही तास चुकला नाही तर मी ६६ टक्क्यांवर पोचत होते. म्हणजे वाट होती, पण जेमतेम. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीला जोडून एकही दिवस घ्यायचा नाही. आणि अर्ज आजच दे, यादी फायनल झाल्यावर कुणाच्याच हातात काही राहत नाही."

अर्जाला काय काय जोडलं ते सांगते. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरच्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची नक्कल, ज्यात गोठा पडल्याचं लिहिलं होतं. सरपंचाचा दाखला मी घेतला होता, तो कुणी बघितलासुद्धा नाही. आणि पालकांचं हमीपत्र. हमीपत्रासाठी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने स्टॅम्प पेपर घ्यावा लागेल असं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्येच शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झाला होता, म्हणजे एका सहीला पाचशे रुपये. मी घेण्याआधी ऑफिसात विचारलं, तर कॉलेजचा छापील नमुनाच होता, साध्या कागदावर, फुकट. आधी ऑफिसात विचारा.

अर्जाच्या दोन प्रती काढल्या. एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. आमच्या ऑफिसातले शिपाई मामा मला म्हणाले, "पोरी, शिक्का घेतल्याबिगर हलू नको हितून." त्यांचं ऐकलं ते बरं झालं, कारण पुढच्या आठवड्यात माझा अर्ज विभागात सापडत नव्हता. आवक क्रमांक दाखवल्यावर तो दुसऱ्या विभागाच्या गठ्ठ्यात निघाला.

हमीपत्रावर पालकांनी समोर येऊन सही करायची होती. अण्णा अंथरुणावर. मग माय आली, सेलूहून मराठवाडा एक्स्प्रेसने. आल्यागेल्याच्या गर्दीत उभ्यानेच आली असणार, पण तसं काही बोलली नाही. कॉलेजात ती पहिल्यांदाच येत होती. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या अगदी कडेला बसली. सर चांगल्या सुरातच म्हणाले, "आई, आता मुलीला वर्ग चुकवू देऊ नका."

माय म्हणाली, "वर्ग चुकवून ती कुठं हिंडत नव्हती सर. बापाच्या उशाला बसली होती."

सर काही क्षण नुसते डिस्चार्ज कार्डाकडे बघत राहिले. मग शिफारशीची सही केली आणि मला म्हणाले, उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी हजेरीचं रजिस्टर टीजींना दाखवायचं.

नोव्हेंबरच्या मध्यात अंतिम यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. हे सगळं नाकारलं गेलं असतं तर पुढचा मार्ग काय, तेही मी बघून ठेवलं होतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्या वर विद्यापीठ पातळीवर लोकपाल. आमच्या कॉलेजात समितीच्या सदस्यांची यादी लायब्ररीच्या जिन्यात लावलेली आहे. मला तिथवर जावं लागलं नाही, पण यादी कुठे आहे हे माहीत होतं म्हणून त्या दोन आठवड्यांत झोप तरी लागायची.

डिसेंबरमध्ये पेपर झाले. तिसऱ्या सेमिस्टरचे आणि त्यांच्यामध्ये पहिल्या वर्षाचे दोन. अभ्यासाला वेळ होता कुठे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल लागला. आमच्या पॅटर्नमध्ये अंतर्गत २०, मिडसेम २० आणि शेवटचा लेखी पेपर ६० चा. पास व्हायला लेखीत वेगळे २४ लागतात. गणित-१ ला २०. मेकॅनिक्सला २१. वर तिसऱ्या सेमिस्टरचा नेटवर्क अ‍ॅनालिसिससुद्धा राहिला.

त्या रात्रीचं थोडं सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरी फोन केला नाही. रूमवरच्या मुली जेवायला गेल्या, मी मेसला गेले नाही. डोक्यात एकच हिशेब फिरत होता. वर्ष वाया गेलं तर खोली आणि मेसचे महिन्याला साडेचार हजार धरून दहा महिन्यांचे पंचेचाळीस हजार. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ होता, पण आमच्या बाजारात क्विंटलला चार हजाराच्या आसपासच हातात पडत होते. म्हणजे नुसत्या राहण्या-खाण्याचे अकरा क्विंटल, आणि शेतात तेवढं निघालंच नव्हतं. वर फी. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी शंभर टक्के केली, त्यात मी बसत होते. पण शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं की नापास होऊन तेच वर्ष पुन्हा केलं तर त्या वर्षाचा लाभ मिळत नाही.

विचार वाईट दिशेला जायला लागले तेव्हा मी टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. १४४१६. आमच्या लायब्ररीच्या दारावर त्याचा कागद चिकटवलेला आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी मला उपदेश केला नाही. उद्या सकाळी तू कुणाला भेटू शकतेस, एवढंच विचारत राहिल्या. मी टीजी मॅडमचं नाव सांगितलं. सकाळी गेले. घरी सांगायला मात्र अजून चार-पाच दिवस लागले. अण्णा म्हणाले, "सांगायचं ना आधी. एकटीच घोर करायलीस तिथं."

फोननंतरच्या त्या सकाळी टीजी मॅडमनी मला परीक्षा विभागात पाठवलं आणि एक गोष्ट मागायला सांगितली: आमच्या बॅचला लागू असलेले परीक्षेचे नियम, पुढच्या वर्षात जाण्याचं कलम. तोवर मी ऐकलेलं असं होतं: दोन विषयांना काही होत नाही, पाच चालतात, सगळे मिळून निम्मे क्रेडिट हवेत, आणि काळजी करू नको, यंदा 'कॅरी ऑन' (विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू देण्याची खास सवलत) मिळणार आहे. कागदावर मात्र दोनच गोष्टी होत्या. तिसऱ्या वर्षात जायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले हवेत, एकही नाही राहिला पाहिजे. आणि दुसऱ्या वर्षाचे ठरावीक संख्येपर्यंत राहिले तरी चालतात.

ते वाचल्यावर माझं अख्खं वेळापत्रक उलटं झालं. मी नेटवर्क अ‍ॅनालिसिसच्या मागे लागणार होते, कारण तो ताजा होता आणि शाखेचा मुख्य विषय म्हणून लाज वाटत होती. पण नेटवर्क राहिला असता तरी मी तिसऱ्या वर्षात जाणार होते. गणित-१ राहिलं असतं तर बाकी सगळं सुटूनही नाही. (हा नियम आमच्या बॅचचा. विद्यापीठ बदललं, पॅटर्न बदलला, कॉलेज स्वायत्त असलं की कलम बदलतं. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा कागद मागा. वेबसाइटवर बहुतेक वेळा सगळ्यात नवीन बॅचचाच वर असतो.)

निकालानंतर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायला मोजकेच दिवस असतात. परीक्षा विभागातल्या एका सरांनी "कशाला पैसे घालवायलीस, चार मार्क कुठं वाढतात" असं म्हटलं. मी दोन्ही विषयांची मागवली. विषयाला ३०० रुपये, ऑनलाइन भरून पावतीची प्रिंट कॉलेजला जमा करायची. पैसे भरले पण प्रिंट जमा केली नाही तर अर्ज पुढे जात नाही, आमच्यातल्या एकीचा तसाच अडकला. आणि ज्यांची मुदत हुकलीय त्यांच्यासाठी: आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायचा हक्क परीक्षार्थीला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात सांगितलेलं आहे. पण त्या वाटेने पेपर हातात येईपर्यंत पुनर्मूल्यांकनाची तारीख निघून जाते, म्हणून विद्यापीठाच्या मुदतीतच मागवलेली बरी.

मार्चमध्ये स्कॅन केलेल्या प्रती आल्या. मी त्या मोबाईलवर न बघता प्रिंट काढल्या आणि लायब्ररीत बसून एकेक पान चाळलं. मेकॅनिक्समध्ये घर्षणाचं शिडीचं गणित होतं. भिंतीला टेकवलेली शिडी, माणूस किती वर चढला की ती घसरेल. ते मी पुरवणीवर सोडवलं होतं. आत समासात लाल पेनने ४ लिहिलेले होते, त्याला गोलही केलेला. पण पहिल्या पानावरच्या तक्त्यात त्या उपप्रश्नाचा रकाना कोरा. मी बोट ठेवून रकाने पुन्हा पुन्हा मोजले. बेरजेत ते ४ धरलेच नव्हते. २१ चे २५ होत होते.

गणिताच्या पेपरात असं काही नव्हतं. तपासणी बरोबर होती. पण त्या प्रतीने मला मेकॅनिक्सपेक्षाही जास्त दिलं. पेपरात पाच प्रश्न, प्रत्येकी १२ गुणांचे. मी पाचही प्रश्नांत थोडंथोडं लिहिलं होतं. मॅट्रिक्समध्ये ८, आंशिक विकलनात ६, त्याच्या उपयोजनांमध्ये ४, रिडक्शन फॉर्म्युला आणि कर्व्ह ट्रेसिंगमध्ये २, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशनला शून्य. ती प्रत घेऊन गणिताच्या सरांकडे गेले. ते दुसऱ्या वर्षाला शिकवत नाहीत, तरी त्यांनी बसवून घेतलं. म्हणाले, "पहिली तीन युनिट म्हणजे ३६ मार्क. त्यातले तीस मिळव. बाकीच्या दोनातलं जे सोपं असेल तेवढंच."

मेकॅनिक्सचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला, ५०० रुपये. सोबत एका पानाचं पत्र, कोणतं पान, कोणता उपप्रश्न, तक्त्यातला कोणता रकाना, एवढंच. रागाचं एकही वाक्य लिहायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं.

इथे एक मेख आहे, ती नीट वाचा. एप्रिलमध्ये उन्हाळी परीक्षेचे फॉर्म सुटले तेव्हा पुनर्मूल्यांकनाचा निकाल आलेला नव्हता. मेकॅनिक्सचा फॉर्म भरायचा की नाही? सुटणारच आहे म्हणून सोडला आणि निकाल उलटा लागला तर परीक्षाच हुकली. सुटला तर फॉर्मचे पैसे परत मिळत नाहीत. मी भरला. पैसे गेले, पण तेवढ्याची मला जराही हळहळ नाही. आमच्याच कॉलेजातल्या एका मुलाने तो फॉर्म भरला नाही, त्याचा निकाल 'गुणांत बदल नाही' असा आला आणि तो आता वर्षभर घरी आहे.

एप्रिल ते जून मी जवळजवळ फक्त गणित-१ जगले. चौथ्या सेमिस्टरचे विषय वर्गात जेवढे होतील तेवढे. सकाळी मेसचा चहा झाला की लायब्ररी, दुपारी तास, संध्याकाळी पुन्हा लायब्ररी. माझी खरी अडचण इंग्रजी वाक्यांची होती, गणिताची नव्हती. प्रश्न काय मागतोय हे कळेपर्यंत वेळ जायचा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीत मोफत मिळतात. मी एकेक पद्धत आधी तिथे मराठीत वाचायचे, मग जुन्या पेपरातला तोच प्रश्न इंग्रजीत सोडवायचे. उत्तर इंग्रजीतच लिहायचं असल्यामुळे दुसरी पायरी सोडून चालत नाही.

सरांनी दिलेली एक सवय पेपरात फार उपयोगी पडली. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढल्या की पुढे जायच्या आधी त्यांची बेरीज करायची. ती मुख्य कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे, आणि गुणाकार डिटरमिनंटइतका. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्या डिसेंबरच्या पेपरात एका ठिकाणी वजाचं चिन्ह गेलं होतं आणि त्यावर पुढची दीड पानं उभी होती. ही तपासणी केली असती तर तिथेच सापडलं असतं. कॅले-हॅमिल्टनने व्यस्त मॅट्रिक्स काढली तरी शेवटी मूळ मॅट्रिक्सने गुणून एकक मॅट्रिक्स येते का बघायचं. ऑयलरचं प्रमेय, जेकोबियन आणि लग्रांजची पद्धत हे तीन मी झोपेतही सोडवू शकेन इतके केले.

मेच्या सुरुवातीला पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला. मेकॅनिक्स २५, उत्तीर्ण. त्या संध्याकाळी आम्ही तिघी औरंगपुऱ्यात जाऊन पोटभर खाऊन आलो.

गणिताचा पेपर जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. त्या वर्षी मेपासूनच पाऊस लागला होता, घरी पेरणीची घाई होती, आणि अण्णा काठी घेऊन बांधापर्यंत जायला लागले होते. पेपर बरा गेला. जास्त काही बोलायची हिंमत नव्हती.

जुलैचं वाट बघणं सगळ्यात अवघड. निकाल लागलेला नाही आणि तिसऱ्या वर्षाचे तास सुरू झालेत. तात्पुरत्या प्रवेशासाठी एक हमीपत्र लिहून द्यावं लागतं: निकाल विरोधात गेल्यास प्रवेश रद्द होईल हे मला मान्य आहे. सही करताना हात जड झाला. तरी तो प्रवेश घ्याच, कारण निकाल उशिरा लागला तर मधल्या दिवसांची हजेरी कुणी भरून देत नाही, आणि हजेरीचं काय होतं ते मी बघितलेलं होतं. त्याच दिवसांत 'कॅरी ऑन मिळालं' अशा बातम्या रोज फिरत होत्या, कुठल्या विद्यापीठाच्या, कुठल्या वर्षाच्या, काही पत्ता नाही. परिपत्रक क्रमांक आणि तारीख नसलेला कुठलाही मेसेज मी उघडायचंच बंद केलं.

जुलैच्या शेवटी निकाल आला. गणित-१ ला ६० पैकी ३३. चौथं सेमिस्टर पूर्ण सुटलं. नेटवर्क अ‍ॅनालिसिस पुन्हा राहिला, पण तो नियमात बसत होता. मायला फोन केला तर ती रानात होती, वाऱ्याने नीट ऐकू येईना. "सुटलं का सगळं?" असं ती विचारत राहिली आणि मी "जेवढं पाहिजे होतं तेवढं सुटलं" असं ओरडून सांगत राहिले.

इतकं होऊनही प्रवेशाच्या टेबलावर अडलंच. संगणकावर माझं मेकॅनिक्स अजून नापासच दिसत होतं, कारण पुनर्मूल्यांकनाचे गुण मुख्य निकालात चढलेले नव्हते. क्लार्क म्हणाल्या, सिस्टीममध्ये फेल आहे, मी काय करू. त्यांचंही खरं होतं. मी पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची प्रिंट फाइलमध्ये ठेवलेली होती. ती घेऊन परीक्षा विभागात गेले, त्यांच्याकडून 'सदर विद्यार्थिनी पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण, सुधारित गुणपत्रिका प्रतीक्षेत' असं एक ओळीचं पत्र घेतलं, प्राचार्यांची सही, मग प्रवेश. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर मागच्या वर्षाच्या गुणपत्रिकेसोबत तेच पत्र जोडलं. निकालाची प्रिंट ज्या दिवशी दिसते त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर लिंक बंद होते.

आता नेटवर्क अ‍ॅनालिसिसचा हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरून झालाय. या वेळी तो एकटाच मागचा विषय आहे, त्यामुळे रविवार पूर्ण त्याला दिलेत. थेवेनिन आणि सुपरपोझिशन झालं, टू-पोर्ट नेटवर्क चालू आहे. मेकॅनिक्सची सुधारित गुणपत्रिका अजून आलेली नाही. तिचा अर्ज आवक क्रमांकासह दिलेला आहे आणि परीक्षा विभागाने पुढच्या सोमवारी विचारायला बोलावलंय.